लिटल मोर्टन हॉल मुद्दाम वाकडा बांधलेला नाही

इंग्लंडच्या चेशरमधल्या लिटल मोर्टन हॉलचा फोटो आणि खाली मजकूर: ‘मोडलेल्या जहाजांच्या लाकडाचं, पायाविना, एकही खिळा न ठोकता बांधलेलं काळं-पांढरं घर. मुद्दाम वाकडं बांधलं, म्हणून ५०० वर्षं टिकलं.’ यातलं वय तेवढं पूर्ण बरोबर.

वाकडेपणाचं कारण म्हणजे ओझं. १५६०च्या सुमारास दक्षिणेकडच्या भागावर सुमारे २१ मीटर लांबीची गॅलरी, म्हणजे एक लांबलचक दालन, चढवली. मूळ बेतात ती बहुधा नव्हतीच. वर छप्पर दगडी चिपांचं. खालचा सांगाडा दबला, भिंती फुगल्या. पुढे, बहुधा सतराव्या शतकात, गॅलरी फाकू नये म्हणून छप्पर पेलणाऱ्या कैच्यांमध्ये आडव्या तुळया घातल्या. मुद्दाम केलेल्या वाकडेपणाला कोण असा आवर घालतं?

जहाजांची गोष्ट तर इंग्लंडातल्या निम्म्या जुन्या घरांना चिकटवलेली असते. सुतार ओकचं लाकूड ओलं असतानाच घडवत, कारण सुकल्यावर ते छिन्नीला दाद देत नाही; मोडलेल्या जहाजाचं लाकूड तर आधीच सुकलेलं. वासे-खांबांवर रिकाम्या खाचा दिसल्या, तर त्या सहसा जुन्या इमारतीतून आणलेल्या लाकडाच्या, नाहीतर त्याच घरातल्या फेरफाराच्या.

खिळ्यांबाबत अर्धं खरं. सांगाड्याचे सांधे कुसू आणि खाचेचे: एका लाकडाचं बारीक केलेलं टोक (कुसू) दुसऱ्याच्या खाचेत, आणि दोन्हींतून आरपार ओकची खुंटी. पण कुसवातलं भोक खाचेच्या भोकासमोर नेमकं धरत नाहीत, दोन-तीन मिलिमीटर खांद्याकडे, म्हणजे कुसू जिथून निघतं त्या बाजूला, सरकवून पाडतात. निमुळती खुंटी ठोकली की ती कुसू आत ओढून घेते आणि लाकूड सुकून आकसलं तरी सांधा सैल पडत नाही. त्या काळच्या दारांना, तक्तपोशीला मात्र लोखंडी खिळे सर्रास असत.

पाया? सांगाडा दगडी जोत्यावर उभा आहे. अशा घरांत आधी कुजते ती जोत्यावरची आडवी तुळई, कारण खांबांच्या खाचांत पाणी साचतं. आपल्याकडच्या कुडासारख्या भिंतींवर कुणी सिमेंट थापलं, तर काम आणखी लवकर बिघडतं: लाकूड आकसतं, कडेला फट पडते, पाऊस आत शिरतो आणि सिमेंटमागून वाळत नाही. तिथे चुनाच हवा.

काळा रंग बराच नंतरचा, व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या डांबराच्या हौसेचा. मूळचा ओक उघडाच ठेवत, तो उन्हापावसाने रुपेरी-करडा पडे, आणि मधल्या भिंतींना पिवळ्या मातीचा रंग असे.