दुर्बिणीचं ऑपरेशन आणि भिशीच्या ग्रुपवरचा ‘सात दिवसांचा कोर्स’

काल रामबागेतल्या आत्याचा फोन आला. ‘अरे, सहाशे पंचवीसच्या दोन पट्ट्या आणून ठेवल्यात, उद्यापासून सुरू करते.’ सोमवारी तिचं पित्ताशयातल्या पथरीचं ऑपरेशन आहे, दुर्बिणीचं. सर्जनने या गोळ्या लिहिलेल्याच नाहीत. लिहून दिल्यात भिशीच्या ग्रुपवर फिरणाऱ्या एका मेसेजने.

मेसेज म्हणतो: पित्ताशय काढायचं असेल तर दोन दिवस आधीपासून सात दिवस अँटिबायोटिक घ्याच, नाहीतर बेंबीतून पू येतो, नवे डॉक्टर आळसाने देत नाहीत, आणि पिशवी फुटली तर पित्ताचं विष अंगभर पसरतं. खाली हात जोडलेले, ‘दहा जणांना पाठवा’.

मी सर्जन नाही, दवा बाजारात काउंटरवर उभा राहणारा माणूस. पण गोळी ओळखतो. सहाशे पंचवीस म्हणजे अमॉक्सिसिलिन आणि क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिड. अमॉक्सिसिलिन हे पेनिसिलिनच्याच घरातलं. आणि आत्याला तरुणपणी पेनिसिलिनच्या इंजेक्शनने अंगभर गांधी उठल्या होत्या, ओठ सुजून वांग्यासारखे झाले होते. आजी होती तोवर दर डॉक्टरला दारातच हे सांगायची. आजी गेली आणि आत्याही विसरली. मेसेजवाल्याला हे कुठून कळणार? त्याने ‘काही चालत नाही का’ एवढंही विचारलेलं नाही. पट्टीवरची लाल रेघ, म्हणजे ‘डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय नको’, काय शोभेला असते? आणि ज्याने चिठ्ठीशिवाय पट्ट्या दिल्या, तो माझ्याच धंद्यातला, त्याची वेगळी लाज वाटते.

आता दोन दिवस आधी आणि सात दिवस. अँटिबायोटिक चीर पडते त्या वेळी रक्तात आणि मांसात हजर हवं, म्हणून ते ऑपरेशनच्या थोडं आधी शिरेतून देतात. परवाच्या गोळीचा सोमवारी काय उपयोग? नंतरच्या दिवसांबद्दल जागतिक आरोग्य संघटनेने 2016 च्या सूचनांत सरळ सांगितलंय की ऑपरेशन संपल्यावर केवळ खबरदारी म्हणून अँटिबायोटिक लांबवू नका. जुलाब मात्र फुकट मिळतात.

मग तो एक डोस तरी लागतो का? कॉक्रेन या वैद्यकीय चाचण्यांची छाननी करणाऱ्या संस्थेने 2010 मध्ये 11 चाचण्या, 1664 रुग्ण एकत्र तपासले, बहुतेक कमी जोखमीचे. जखमेचा संसर्ग औषध घेतलेल्यांत 2.7 टक्के, न घेतलेल्यांत 3.3. एवढा फरक योगायोगानेही पडतो. त्या चाचण्या फार पक्क्या नव्हत्या, हेही त्यांनीच लिहिलंय. आणि 2014 मध्ये जपानमधल्या हजारावर रुग्णांच्या चाचणीत औषधाने संसर्ग कमी झाला, हे नाइलाजाने मान्य. पण तिथेही इंजेक्शनचे मोजके डोस होते, आठवडाभर गोळ्या नव्हत्या.

बेंबीतला पू अर्धा खरा आहे. पिशवी बऱ्याचदा त्याच भोकातून बाहेर ओढतात, त्यामुळे तिथे पिकू शकतं. पण महिन्याभराने पिकलं तर संशय वेगळा घ्यावा लागतो. माझं एक गिऱ्हाईक होतं, बेंबीजवळ हरभऱ्याएवढी गाठ, बनियनवर रोज पिवळा डाग, खिशात तीन वेगवेगळ्या अँटिबायोटिकच्या चिठ्ठ्या. शेवटी निघाले क्षयाच्या जंतूंचे लांबचे भाऊबंद. ते पाण्यात राहतात आणि नीट निर्जंतुक न केलेल्या दुर्बिणीवरून, हत्यारांवरून आत जातात. त्यांना सहाशे पंचवीस म्हणजे बडीशेप. विचारायचंच असेल तर हत्यारं कशी निर्जंतुक करता ते विचारा.

राहिला आळस. चिठ्ठीवर एक ओळ जास्त लिहायला असे किती कष्ट पडतात? न लिहिणंच अवघड, पेशंट नाराज होतो. आणि पित्त सांडलं तर तिथल्या तिथे धुऊन, शोषून काढतात.

ज्यांना डोस द्यायचं खरं कारण असतं ते वेगळे: सुजलेली पिशवी, कावीळ, डायबिटीस, वय सत्तरीपुढे. आत्या 72 ची आहे आणि शुगरही आहे. म्हणजे तिला टेबलावर इंजेक्शन बहुतेक मिळेलच, आणि कोणतं द्यायचं ते ठरवणाऱ्याला त्या गांधी माहीत असणं या सगळ्या मेसेजपेक्षा गरजेचं. पट्ट्या मी उचलून आणल्या आणि तिच्या फाइलच्या पहिल्या पानावर लाल पेनाने मोठ्ठं लिहून आलो: पेनिसिलिन चालत नाही.

ग्रुपवर हे तूच टाक असं आत्याला म्हटलं, तर म्हणे, ‘तूच लिही बाबा कुठेतरी. मला पुढच्या भिशीला त्यांच्यातच बसायचंय.’