कोलॅजेनची पावडर गुडघ्यातल्या पेशी चिकटवत नाही

सांगली-मिरजेतील निवृत्तांच्या, योगवर्गांच्या आणि सोसायट्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर एक मजकूर फिरतो आहे. त्याचा सारांश असा: शरीरातील पेशी कोलॅजेन नावाच्या डिंकाने एकमेकींना चिकटलेल्या असतात, चाळिशीनंतर हा डिंक आटतो आणि गुडघ्यातील वंगण संपते, रोज उपाशीपोटी दोन चमचे कोलॅजेन पावडर घेतली किंवा पायाचे सूप प्यायले, की ते थेट सांध्यात जाऊन पेशी पुन्हा चिकटवते, मग मिरजेला जाऊन गुडघा बदलून घेण्याची गरज उरत नाही. हे वाचून डॉक्टरांनी दिलेली तारीख पुढे ढकलणारी माणसे आपल्या आसपासच आहेत, म्हणून यातला एकेक मुद्दा तपासून पाहणे भाग आहे.

पहिला मुद्दा डिंकाचा, आणि सगळा घोळ तिथूनच सुरू होतो. पेशी पेशीला धरते ती मुख्यतः कॅडहेरिन या कुळातील प्रथिनांनी. कोलॅजेन हे पेशींच्या बाहेर पसरलेल्या जाळीचे प्रथिन आहे आणि त्या जाळीत फायब्रोनेक्टिन, लॅमिनिन अशी आणखीही बरीच प्रथिने असतात. पेशी या जाळीला आपोआप चिकटत नाही, तर स्वतःच्या आवरणातून बाहेर डोकावणाऱ्या इंटिग्रिन नावाच्या प्रथिनांनी ती पकडते. प्रत्येक इंटिग्रिन अल्फा आणि बीटा अशा दोन साखळ्यांच्या जोडीने बनते. माणसात १८ अल्फा आणि ८ बीटा साखळ्यांपासून २४ जोड्या ज्ञात आहेत, आणि कोणती जोडी कशाला धरणार हे बऱ्याच अंशी ठरलेले असते. फायब्रोनेक्टिनमधील आर्जिनिन, ग्लायसिन आणि अ‍ॅस्पार्टिक आम्ल या तीन अमिनो आम्लांचा (प्रथिने ज्यांची बनतात त्या घटकांचा) क्रम हीच अनेक इंटिग्रिनांची पकडण्याची जागा आहे, हे १९८४ मध्ये पिअर्शबाखर आणि रुओस्लाहती यांनी दाखवले. पुढे २०२२ चा लास्कर पुरस्कार इंटिग्रिनांच्या शोधासाठी रुओस्लाहती, रिचर्ड हाइन्स आणि टिमोथी स्प्रिंगर यांना मिळाला.

ही पकड डिंकासारखी कायमची नसते, हे पेशीसंवर्धनाच्या कोणत्याही प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाखाली दिसते. प्लास्टिकच्या बाटलीच्या तळाशी पेशी चपट्या, हातपाय पसरून बसलेल्या असतात. त्यांच्यावर ट्रिप्सिन आणि इडीटीए यांचे द्रावण घातले, की काही मिनिटांत त्यांच्या कडा आत ओढल्या जातात, त्या गोल होतात आणि बाटलीला हलका धक्का देताच तरंगू लागतात. ट्रिप्सिन प्रथिने कापते, तर इडीटीए कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे आयन काढून घेते, आणि या धातूंच्या आयनांशिवाय इंटिग्रिनला पकड घेता येत नाही. शिवाय पकडायचे की सोडायचे हे पेशी आतूनही ठरवते: टॅलिन आणि किंडलिन ही आतील प्रथिने इंटिग्रिनच्या शेपटीला जोडली गेली, की त्याचा बाहेरचा भाग ताठ होऊन पकडीस सिद्ध होतो. रक्तातील प्लेटलेटवरचे इंटिग्रिन एरवी मिटलेले असते आणि जखम झाल्यावरच उघडते. ते सदैव चिकट असते, तर रक्त वाहिन्यांतच गोठले असते. उलट ग्लान्झमान यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या आनुवंशिक विकारात हेच इंटिग्रिन सदोष असते आणि रक्तस्राव लवकर थांबत नाही. काही बाळांच्या कातडीला नुसत्या घासण्याने फोड येतात. त्यातील एका प्रकारात दोष लॅमिनिनमध्ये किंवा त्याला धरणाऱ्या इंटिग्रिनमध्ये असतो. अशा बाळाला कितीही कोलॅजेन पाजले, तरी नसलेली पकड त्यातून निर्माण होणार नाही.

दुसरा दावा ‘थेट सांध्यात’ जाण्याचा. कोलॅजेनचे वैशिष्ट्य म्हणजे तीन साखळ्यांचा पीळ. त्याची रचना जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कर्ता यांनी १९५४-५५ मध्ये मद्रासला उलगडली, याचा अभिमान आपल्याला असायला हवा. कोलॅजेनला धरणारी इंटिग्रिने चार असून, ती हा पीळ शाबूत असेल तरच आपली नेहमीची जागा ओळखतात. पायाचे सूप उकळताना नेमका हाच पीळ उलगडतो. रात्री फ्रीजमध्ये ठेवलेले सूप सकाळी थिजून थरथरते, ते जिलेटिन असते: सुटलेल्या साखळ्या गार झाल्यावर जमेल तशा, अर्धवट गुंततात. पावडरमध्ये तर त्या साखळ्या आधीच तोडलेल्या असतात. मूळ रेणूचे वजन सुमारे तीन लाख डाल्टन (रेणूचे वजन मोजण्याचे एकक) असते, पावडरमधील तुकड्यांचे मात्र काही हजार, आणि जठर व लहान आतडे त्यांचे आणखी बारीक तुकडे करतात. मिरजेच्या सतारमेकर गल्लीतून आणलेल्या सतारीच्या ढलप्या करून दुसऱ्या घरी पाठवल्या, तर तिथे सतार वाजू लागत नाही. ढलप्या मात्र पोहोचतात.

ढलप्या पोहोचतात, हे मान्य केले पाहिजे. प्रोलिन आणि हायड्रॉक्सिप्रोलिन यांच्या जोडीसारखे लहान तुकडे पावडर घेतल्यानंतर रक्तात सापडतात आणि ते पेशींना काही संकेत देत असावेत, या शक्यतेवर संशोधन चालू आहे. त्वचेचा ओलावा किंचित वाढल्याचे सांगणाऱ्या लहान चाचण्याही आहेत, पण त्यांतील अनेकींचा खर्च पावडर विकणाऱ्यांनीच केला आहे. सांध्यांबाबत युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०११ मध्ये पुरावे तपासले आणि कार्यकारणसंबंध सिद्ध होत नाही असा निष्कर्ष दिला. ‘काही उपयोग असू शकेल’ आणि ‘पेशी पुन्हा चिकटवते’ या दोन विधानांत फार मोठे अंतर आहे, आणि मजकूर लिहिणाऱ्याने ते एका उडीत ओलांडले आहे.

चाळिशीनंतर वंगण आटते, या विधानात तर दोन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ आहे. गुडघ्याचे वंगण म्हणजे सांध्यातील द्रव. त्याचा बुळबुळीतपणा मुख्यतः हायल्युरोनिक आम्ल आणि ल्युब्रिसिन यांच्यामुळे असतो, कोलॅजेनमुळे नव्हे. कोलॅजेन असते कूर्चेत, म्हणजे सांध्यात हाडांच्या टोकांवर असलेल्या गुळगुळीत थरात, आणि तेही त्वचेतल्यापेक्षा वेगळ्या प्रकारचे. डेन्मार्कमधील संशोधकांनी २०१६ मध्ये, अणुचाचण्यांमुळे वातावरणात वाढलेल्या किरणोत्सारी कार्बनच्या खुणेवरून, गुडघ्याच्या कूर्चेतील कोलॅजेनचे वय काढले. ते वाढीच्या वयातच तयार झालेले होते आणि प्रौढपणी जवळजवळ बदललेच नव्हते. निरोगी गुडघ्यात नाही आणि झिजलेल्या गुडघ्यातही नाही. म्हणजे कच्चा माल मिळत नाही म्हणून काम अडले आहे असे नसून, प्रौढ कूर्चेत ते बांधकामच जवळपास थांबलेले असते. जिथे कोलॅजेन नव्याने तयार होते, उदाहरणार्थ भरणाऱ्या जखमेत, तिथे त्याचा पीळ पक्का होण्यासाठी क जीवनसत्त्व लागते, आणि ते पेरू-आवळ्यातून स्वस्तात मिळते.

ऑपरेशन टळते, या वाक्याला कसलाच आधार नाही. गुडघा बदलायचा की व्यायाम, वजन घटवणे आणि वेदनाशामके यांवर भागवायचे, हे दुखण्याच्या तीव्रतेवरून, चालण्यातील अडचणीवरून आणि एक्स-रेवरून ठरते.

राहिला मजकुराच्या तळाशी असलेला ‘पूर्ण नैसर्गिक, अपाय शून्य’ हा शेरा. बहुतेकांना ही पावडर बाधणार नाही, हे खरे. पण कोलॅजेनमध्ये ट्रिप्टोफॅन हे आवश्यक अमिनो आम्ल नसतेच, त्यामुळे सकाळचे अंडे किंवा मोडाची उसळ बंद करून त्या जागी ही पावडर घेणे तोट्याचे ठरते. आणि मूत्रपिंडाच्या आजारामुळे ज्यांना प्रथिने मोजूनमापून खायला सांगितली आहेत, त्यांनी हे दोन चमचेही त्या मापात धरावेत आणि सुरू करण्याआधी आपल्या डॉक्टरांना विचारावे.