किट कार लांबच्या प्रवासाला चालत नाही म्हणे

ब्रिटनमध्ये कुणी किट कार, म्हणजे सुट्या भागांचा संच आणून घरच्या गॅरेजात जोडलेली गाडी, घेऊन स्कॉटलंडला किंवा आल्प्सला निघाल्याचा व्हिडिओ आला, की मागोमाग एक मजकूर ग्रुपांवर फिरतोच: 'ही खेळणी रविवारच्या फेरफटक्यापुरती. लांब निघालात तर रस्त्यात बसाल. सुटे भाग मिळत नाहीत, कुणी तपासलेली नसते, परदेशात पोलीस अडवतात.'

आधी 'खेळणी'चं बघू. या जातीतलं गाजलेलं नाव म्हणजे 1957 ची लोटस सेव्हन. तयार गाडीवर तेव्हा तिकडे खरेदी कर लागायचा, सुट्या भागांवर नाही, म्हणून ती किटमध्ये विकली जाई. 1973 मध्ये व्हॅट आला आणि ती सवलत गेली. त्याच वर्षी गाडीचे हक्क कॅटरहॅम या ब्रिटिश कंपनीकडे गेले, आणि तिची वारसदार आजही किटमध्ये मिळते. नुसतं खेळणं इतकी वर्षं टिकत नाही.

सुट्या भागांबद्दल तर समजूतच उलटी आहे. चौकट आणि बॉडी किटवाल्याची. इंजिन, गिअरबॉक्स मात्र बहुधा फोर्डचे नाहीतर माझदा एमएक्स-5 चे. वाटेत बॅटरी चार्ज करणारा आल्टरनेटर गेला तर तो कुठल्याही बऱ्या गावातल्या दुकानात मिळतो किंवा मागवता येतो. पुढचं फायबरचं नाक फुटलं तर ते किटवाल्याकडूनच येणार, हे खरं. पण टेप मारून गाडी घरी नेता येते.

'तपासलेली नसते' हे ब्रिटनपुरतं साफ खोटं. नंबर मिळण्याआधी आयव्हीए नावाची, त्या एकेका गाडीची सरकारी तपासणी लागते. ब्रेक, स्टिअरिंग, धूर, आवाज, आरसे, सीटबेल्टचे बोल्ट सगळं बघतात. बाहेरून अंगाला लागेल अशी कडाही ठरावीक गोलाईची लागते, म्हणून मंडळी उघड्या नटांवर प्लास्टिकच्या टोप्या बसवतात. पहिल्या फेरीत नापास होणारे कमी नाहीत. दुरुस्त करून पुन्हा जायचं. पुढे एमओटी ही तिकडची वार्षिक तपासणी आहेच. नंबर, विमा, कागदपत्रं आणि मागे यूकेचं स्टिकर असलं की युरोपातही हीच गाडी चालते. जूनमध्ये फ्रान्समधल्या ल मानच्या शर्यतीला इंग्लंडहून जाणाऱ्या गाड्यांत अशा किती दिसतात!

आपल्याकडची गोष्ट वेगळी. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला 126 वा नियम नमुना गाडी पुण्याच्या एआरएआयसारख्या वाहन तपासणाऱ्या संस्थेकडून तपासून घ्यायला सांगतो. ती वाट कंपन्यांसाठी आहे, एकट्यादुकट्याच्या हौसेला ती परवडणारी नाही. पण ती अडचण कायद्याची, त्यावरून गाडी कच्ची ठरत नाही.

राहिला मुद्दा रस्त्यात बसण्याचा, आणि यात थोडं तथ्य आहे. किट कार बंद पडते, आणि बऱ्याचदा कारण एकच: काल जोडली आणि आज निघाले. हादऱ्यांनी नट सैल होतात. पत्र्याच्या भोकातून जाणाऱ्या वायरला ग्रोमेट, म्हणजे रबरी कडं, बसवायचं राहिलं, की कडेवर घासून तिचं आवरण सोलतं आणि कुठेतरी फ्यूज उडतो. म्हणून जाणकार आधी काही शे किलोमीटर घराजवळच काढतात, मग प्रत्येक नट टॉर्क पान्याने (ठरावीक जोरानेच आवळणारा पाना) पुन्हा तपासून त्यावर रंगाची रेघ मारतात. नट आणि बोल्टवरची रेघ एका ओळीत दिसली नाही, तर नट फिरलाय. रोज सकाळी वाकून नजर टाकली की झालं. शिवाय कुठली वायर कुठून गेली हे बांधणाऱ्याला पाठ असतं. कंपनीच्या गाडीचा मालक बॉनेट उघडून नुसता बघत बसतो.

खरे त्रास त्या मजकुरात नाहीतच. सेव्हनसारख्या गाडीत टाकी लहान, सामानाला जागा एका मऊ बॅगेची. हायवेला वारा असा घोंघावतो की कानात बोळे घालावे लागतात. पाऊस कापडी छताच्या शिवणीतून मांडीवर टपकतो. बाजूने गेलेल्या एक्झॉस्टवर उतरताना पोटरी टेकली तर फोड ठरलेला. स्पीडब्रेकर दिसला की तळाची काळजी. हे सगळं नको असेल त्याने खुशाल हॅचबॅक घ्यावी. पण 'पोचणारच नाही' असं सांगून दुसऱ्यांना घरी बसवू नये.