कुंडीतली लिनारिया ते 'बंदी असलेलं तण' नव्हे

थंडी सुरू झाली की बागप्रेमींच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतो: 'लिनारिया लावू नका, अमेरिकेत या तणावर बंदी आहे.' सोबत पिवळ्या फुलांचा फोटो असतो. फोटो खरा आहे, पण झाड वेगळं आहे.

फोटोतलं झाड म्हणजे पिवळी टोडफ्लॅक्स, शास्त्रीय नाव लिनारिया व्हल्गॅरिस. ती मूळची युरोप-आशियातली आणि बहुवर्षायू. शोभेसाठी उत्तर अमेरिकेत नेली आणि तिथे कुरणांत बोकाळली. अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात ती उपद्रवी तणांच्या सरकारी यादीत आहे. खरी अडचण मुळांची! आडव्या पसरणाऱ्या मुळांवर ठिकठिकाणी डोळे फुटतात. उपटताना मुळाचा तुकडा मातीत राहिला, तर त्यातूनही नवं रोप उगवतं. त्यामुळे खुरप्याने हिचा निकाल लागत नाही.

आपल्याकडे हंगामी फुलझाडांत मिळते ती बहुधा लिनारिया मरोक्काना, म्हणजे मोरोक्कोची. ती वर्षायू आहे. जांभळी, गुलाबी, पिवळी फुलं देते आणि ऊन तापलं की वाळते. फूल डॉगफ्लॉवरसारखंच, फक्त इवलंसं. दोन्ही बाजूंनी हलकेच दाबलं की तोंड उघडतं, मागे मधाची बारीक शेपटी दिसते. ही शेपटी पिवळीलाही असते, त्यामुळे घोटाळा होणं साहजिक आहे.

तेव्हा मोरोक्कोची लिनारिया खुशाल लावा. पावसाळा ओसरला की बी वरवर पेरा, खोल गाडू नका. ते फारच बारीक असतं. परदेशातून कुणी पिवळीचं बी आणून देत असेल, तर मात्र सरळ नाही म्हणा.