त्या भिंतीवर पुन्हा सिमेंट मारू नका

आज मुंबईच्या फोर्टात एका जुन्या व्यापारी इमारतीखाली सिमेंटच्या गिलाव्याचा भलामोठा पोपडा पडला होता. उलटा केला, तर मागे पोरबंदरी दगडाची साल चिकटून आलेली, तिच्यावर क्षारांची पांढरी बुरशी. गळती थांबावी म्हणून थापलेलं सिमेंट हे! आणि वर परांचीवर पुन्हा तेच थापणं चालू. डोकंच फिरलं.

अरे, ती भिंत चुन्यातली आहे. पाणी पिते, उन्हात सोडते. सिमेंटने तोंड बंद केलं की पाणी मागेच सुकतं, क्षारांचे स्फटिक होतात आणि दगड सोलून काढतात. सिमेंट टिकतं, दगड जातो.

पाणी येतंय कुठून, ते बघितलं कुणी? पोपड्याच्या बरोबर वर बिडाचा पावसाळी पाईप, सांध्यातून पिंपळ डोकावतोय. असा पाईप बहुतेक वेळा भिंतीकडच्या बाजूने सडतो, कारण तिथे रंगाचा ब्रश पोचत नाही. उतरवून तपासा, बसवताना भिंतीपासून दोन बोटं सुटा ठेवा. पिंपळ नुसता छाटला तर दुप्पट फुटतो. मुळासाठी दोन दगड काढावे लागले तरी काढा.

गळती शोधायला गच्चीवर पाणी तुंबवून चाचणी तर अजिबात नको. ५० मिमी पाणी म्हणजे चौरस मीटरला ५० किलो, आणि खालच्या लाकडी तुळयांची भिंतीतली टोकं कुजलेली असू शकतात. नळीने खालून वर एकेक पट्टा १५-२० मिनिटं भिजवा, आत माणूस उभा ठेवा. वेळ जातो, पण वाट सापडते.

दगडांच्या सांध्यांना ग्राइंडर लावू नका, कडा उडतात. छिन्नीने २०-२५ मिमी खरवडा, धुवा, एक भाग मुरवलेला चुना आणि तीन भाग वाळू-सुरखी (भाजलेल्या विटांची भुकटी) थराथरांनी दाबून भरा. निदान आठवडाभर ओलं गोणपाट.

मान्य, चुन्याचे गवंडी सहज मिळत नाहीत, हेरिटेजच्या परवानगीसाठी चपला झिजतात, जुन्या भाड्यात मालकाला परवडतही नाही.

पण तो पोपडा डोळ्यांपुढून हलत नाही. एका कोपऱ्यात साल गळाली होती, तिथे सिमेंटमध्ये पाथरवटाच्या टाकीचे घाव उलटे उमटलेले. भिंतीवर आता ते नाहीत.

तुमच्यापैकी कुणाचं ऑफिस अशा इमारतीत असेल, तर पाऊस थांबला की ऑक्टोबरात कामाला लागा. आधी पाईप.