४४३ पुढची चांदणी

गेल्या रविवारी आमच्या शाळेच्या ग्रुपवर एकाने टाकलं, "निंबाळकरांच्या ४४३ चं कौतुक आता पुरे. समोर काठियावाड होतं." खाली अकरा जणांचे अंगठे. अकराही जण कोल्हापूरचे. क्रिकेटच्या एका डावात ४४३ धावा करणाऱ्या भाऊसाहेब निंबाळकरांच्या गावातल्या पोरांनीच, समोरचा संघ दुबळा होता म्हणून, हे लिहावं याचा मला भयंकर राग आला. मी पिट्सबर्गहून लांबलचक उत्तर धाडलं. त्यावर एक ओळ आली : "तू तिकडे बसून आम्हाला शिकवू नकोस."

शिकवत नाही. इथे काय झालं ते सांगतो.

मे २०२४ मध्ये मेजर लीगने, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वोच्च बेसबॉल लीगने, निग्रो लीगचे, म्हणजे कृष्णवर्णीयांना मेजर लीगचं दार बंद होतं तेव्हाच्या त्यांच्या वेगळ्या लीगचे, १९२० ते १९४८ चे आकडे आपल्या अधिकृत नोंदीत घेतले. २३०० हून जास्त कृष्णवर्णीय खेळाडू त्या वहीत आले. कारकिर्दीच्या बॅटिंग ॲव्हरेजमध्ये, म्हणजे बॅटिंगच्या संधींमागे किती हिट्स मिळाले त्या प्रमाणात, गोरा टाय कॉब .३६७ वर पहिला होता, त्याच्या वर जॉश गिब्सन गेला, .३७२. गिब्सन आमच्या गावचा. 'आमच्या' हे बोटांनी आपसूक टाइप केलं, राहू दे. निग्रो लीगमधल्या होमस्टेड ग्रेज आणि पिट्सबर्ग क्रॉफर्ड्स या संघांचा हा कॅचर जानेवारी १९४७ मध्ये पस्तिसाव्या वर्षी गेला, आणि तीनच महिन्यांनी, १५ एप्रिलला, आधुनिक मेजर लीगमधला पहिला कृष्णवर्णीय खेळाडू जॅकी रॉबिन्सन ब्रुकलिनकडून मैदानात उतरला. ॲलेघेनी सिमेटरीत गिब्सनच्या कबरीवर १९७५ पर्यंत नावाचा दगडसुद्धा नव्हता. आता आहे. मी मुलाला घेऊन जाऊन आलो. जमिनीसरशी बसवलेला लहानसा दगड, नाव, वर्षं आणि 'दंतकथा बनलेला बेसबॉलपटू' या अर्थाचे शब्द. आजूबाजूचं वाळकं गवत मुलाने हाताने बाजूला केलं.

आकडे जाहीर झाले त्या आठवड्यात ऑफिसात लंचला एकजण म्हणाला, "सीझनला साठ-सत्तर मॅचेस. त्याच्या नावापुढे चांदणी लावायला पाहिजे." इथे आकड्यापुढची चांदणी (*) म्हणजे संशय. १९६१ मध्ये रॉजर मॅरिसने एका सीझनमध्ये ६१ होमरन मारून बेब रूथचे ६० मागे टाकले, तर कमिशनरने आधीच बजावलं होतं की रूथच्या वेळी १५४ सामने होते, त्यापेक्षा जास्त लागले तर नोंद वेगळी राहील. मी ऑफिसात कधी आवाज चढवत नाही. त्या दिवशी चढवला. कॉबपुढे चांदणी का नाही? रूथच्या १९२७ च्या साठांपुढे का नाही? लीगच्या एकाही सामन्यात त्यांना कृष्णवर्णीय पिचरला तोंड द्यावं लागलं नाही. दार बंद होतं ते दोन्ही बाजूंनी बंद होतं. मग कमीपणा एकट्या गिब्सनच्याच माथी का?

संध्याकाळी फोर्ट पिट टनेलमध्ये गाडी अडकली तेव्हा लक्षात आलं, मी भांडत होतो गिब्सनसाठी, पण राग जुना होता आणि तो निंबाळकरांचा होता.

आमचे बाबा ही गोष्ट जेवताना सांगायचे. डिसेंबर १९४८, पुणे, महाराष्ट्र ४ बाद ८२६, निंबाळकर ४४३ वर नाबाद. तेव्हाच्या विश्वविक्रमाला, ब्रॅडमनच्या ४५२ ला, फक्त नऊ कमी. आणि विश्रांतीनंतर काठियावाडचा संघ मैदानात आलाच नाही, सामना सोडून दिला. बाबा इथे घास हातातच धरून थांबायचे. निंबाळकर पुढे एकही कसोटी खेळले नाहीत. प्रथम श्रेणीत भारतीय फलंदाजाची सर्वांत मोठी खेळी आजही तीच आहे.

गिब्सनवरचा अन्याय आणि हा एका मापाचा नाही, ते मला समजतं. पण 'समोर काठियावाड होतं' म्हणणाऱ्यांनी हे सांगावं की समोर दुसरं कोण उभं करायचं हे निंबाळकरांच्या हातात होतं का? ज्याला कसोटी मिळाली नाही, त्याला कसोटी न खेळल्याबद्दल पुन्हा शिक्षा करायची? इथे लोकांनी 'पिट्सबर्ग कुरिअर'सारख्या कृष्णवर्णीयांच्या वृत्तपत्रांच्या जुन्या अंकांतून एकेक बॉक्स स्कोअर, म्हणजे सामन्याचं स्कोअरकार्ड, वर्षानुवर्षं वेचला. आपल्याकडे स्कोअरकार्ड समोर आहे, तरी सचिन की विराट यापलीकडे भांडण जात नाही. "अमेरिकेला पाऊणशे वर्षं लागली की," असं ग्रुपवर म्हणतील. लागली, आणि ते लाजिरवाणंच आहे. पण केलं.

ग्रुपवरच्या 'आम्हाला शिकवू नकोस' या एका ओळीने मला रात्रभर झोप लागली नाही. एकोणीस वर्षं झाली इथे. पासपोर्ट बदलला. इथल्या बेसबॉल मैदानाची, पीएनसी पार्कची, उजवीकडची भिंत २१ फूट का, पिट्सबर्गचा खेळाडू क्लेमेंटे नेमक्या ३००० हिट्सवर कसा थांबला, हे मी मुलाला बाबांच्याच सुरात सांगतो. पण गावाच्या वादात माझं मत धरत नाहीत, आणि इथे ऑफिसात ४४३ हा आकडा मी आजवर कुणापुढे उच्चारलेला नाही. अर्ध्या गोष्टी मी मनातल्या मनातच बोलतो.

परवा मुलाच्या स्कोअरबुकच्या शेवटच्या पानावर मी पेन्सिलीने लिहिलं, निंबाळकर ४४३*. त्याने चांदणीवर बोट ठेवून विचारलं, "यांनी काय चीटिंग केलं होतं?"

"नाही रे," मी म्हटलं. "क्रिकेटमध्ये याचा अर्थ नाबाद. त्यांना कुणी आउट केलं नाही."

"मग थांबले का?"

मी खुर्ची ओढून त्याच्याशेजारी बसलो आणि पुण्यापासून सुरुवात केली.