तो डीलर माझ्याशी एकही वाक्य खोटं बोलला नव्हता

"जुनी फोर बाय फोर घ्यायचीय, डीलरवर भरवसा वाटत नाही, नेमकं काय बघू?" हा प्रश्न मला अधूनमधून कुणी ना कुणी विचारतंच. प्रत्येकाला वेगळं टाइप करायचा आता कंटाळा आलाय, म्हणून एकदाच सगळं लिहितो. (फोर बाय फोर म्हणजे गरज पडली की चारही चाकांना इंजिनची ताकद देणारी गाडी.) लांबणार आहे, आधीच सांगतो.

मी स्वतः फसलेलो आहे. पण कसा, ते महत्त्वाचं.

गाडी दिसायला सुंदर होती. जुन्या घडणीची, लॅडर चेसिसवाली (म्हणजे शिडीसारख्या लोखंडी सांगाड्यावर बसवलेली), गिअरच्या शेजारी चारही चाकं जोडणारा तो दुसरा छोटा लीव्हर असलेली. तो लीव्हर बघितला आणि तिथेच माझं अर्धं डोकं बंद पडलं. डीलर म्हणाला, "फोर बाय फोर मॉडेल आहे साहेब, लीव्हर टाकून बघा ना." टाकला. खट्कन बसला आणि मीटरमध्ये हिरवा दिवा लागला. ट्रायला निघालो तर खिडकीशी वाकून, अगदी काळजीनं सांगतो, "डांबरावर फोर बाय फोरमध्ये पळवू नका हां. ट्रान्सफर केसवर लोड येतो." (ट्रान्सफर केस म्हणजे इंजिनची ताकद पुढच्या आणि मागच्या चाकांत वाटणारी गिअरपेटी.) मी मनात म्हटलं, काय जाणकार माणूस आहे! गाडीची किती काळजी!

दीड महिन्यानं एका साध्या चढावर, ओल्या गवतात, मागचं एक चाक जागेवर गरगरायला लागलं. लीव्हर टाकला. दिवा लागला. गाडी तसूभर हलेना. बाहेर उभा असलेला मित्र ओरडला, "अरे, पुढची चाकं ढिम्म आहेत!" दुसऱ्या दिवशी मेकॅनिक टॉर्च घेऊन खाली शिरला, थोडा वेळ काहीच बोलला नाही, मग खालूनच म्हणाला, "पुढचा शाफ्टच नाहीये."

ट्रान्सफर केसपासून पुढच्या डिफरन्शियलकडे (दोन बाजूंना वेगवेगळ्या वेगानं फिरू देणाऱ्या गिअरपेटीकडे) जाणारा प्रॉपेलर शाफ्ट कुणीतरी काढून टाकला होता. कारण पुढच्या डिफरन्शियलमधले क्राउन-पिनियनचे, म्हणजे मुख्य गिअरजोडीचे, दाते गेले होते. शाफ्ट जागेवर असता तर पहिल्याच जोराला खालून कडाड्‌ आवाज आला असता. मग हिरवा दिवा? माझ्या गाडीत त्या दिव्याचा स्विच ट्रान्सफर केसवर होता. आतला गिअर सरकला की दिवा लागणार. ती ताकद पुढे चाकापर्यंत पोचली की वाटेतच संपली, याच्याशी दिव्याला काही देणंघेणं नाही.

भांडायला गेलो. डीलर शांत. "साहेब, फोर बाय फोर मॉडेल आहे म्हणालो. आहेच की. दिवा लागतो म्हणालो. लागतो ना? आणि मी पण ती तशीच घेतली होती. ट्राय तर तुम्ही घेतलात."

परत येताना आमचं सगळं बोलणं आठवून बघितलं. माणूस एकही वाक्य खोटं बोलला नव्हता. डांबराबद्दलचा सल्ला तर शंभर टक्के बरोबर होता. तेवढ्या एका खऱ्या वाक्यानं त्यानं मला गाडीतली नेमकी मेलेली गोष्ट तपासू दिली नाही.

तेव्हापासून माझं मत असं झालंय की सरळ थापा मारणारा डीलर त्यातल्या त्यात परवडला. "दुसरी पार्टी संध्याकाळी टोकन घेऊन येतेय" वगैरे. तो बुवा ओळखता येतो. भीती खरं बोलणाऱ्याची. त्याचं प्रत्येक खरं वाक्य कशावर तरी झाकण म्हणून ठेवलेलं असतं.

डांबराचंच घ्या. पार्ट-टाइम फोर बाय फोरमध्ये (लीव्हर टाकला तरच चारही चाकं जोडणाऱ्या) पुढच्या आणि मागच्या ॲक्सलच्या मधे डिफरन्शियल नसतं. वळताना पुढची चाकं मागच्या चाकांपेक्षा जास्त अंतर कापतात, पण दोन्ही शाफ्ट एकमेकांशी जखडलेले. मातीत, खडीत चाक थोडं घसरतं आणि हिशोब मिटतो. कोरड्या डांबरावर घसरायला वाव नाही, मग सगळा पीळ साखळीत, गिअरमध्ये, जॉइंटमध्ये साठत जातो. म्हणून डांबरावर नको, हे खरंच. पण मग उत्तर सोपं आहे: डांबर सोडून मोकळी माती किंवा खडी शोधा. फोर-हायमध्ये (चारही चाकं, नेहमीचा वेग) टाका, स्टिअरिंग पूर्ण वळवून अगदी हळू गोल फिरा. चारही चाकांना ताकद जात असेल तर गाडी अडखळते, कुणीतरी मागून ओढतंय असं वाटतं. काहीच वाटलं नाही, गाडी नेहमीसारखी गुळगुळीत फिरली, तर तिथेच उतरून खाली वाका. मग थांबून, न्यूट्रल करून, लो (चारही चाकं, कमी वेग, जास्त जोर) टाका. पहिल्या गिअरमध्ये पाय सगळ्या पेडलवरून काढले तरी गाडी माणसाच्या चालीनं सरपटत राहिली पाहिजे. (फुल-टाइम किंवा ऑल-व्हील ड्राइव्ह असेल तर मधे डिफरन्शियल नाहीतर कपलिंग, म्हणजे दोन शाफ्ट जोडणारा भाग, असतं, त्यामुळे ही गोल फिरायची परीक्षा लागू नाही. तिथे आधी चारही टायर एकाच मापाचे आणि सारखेच झिजलेले आहेत का बघा. कमी-जास्त असतील तर तो फरक कपलिंगनं रोज सोसलेला असतो.)

शाफ्ट काढून गाडी विकणं ही काही माझ्याच डीलरची अक्कल नाही. १९९७ मध्ये आलेल्या पहिल्या पिढीच्या लँड रोव्हर फ्रीलँडरमध्ये व्हिस्कस (दाट द्रवावर चालणारं) कपलिंग घट्ट झालं की मागे जाणारा शाफ्टच काढायचा आणि गाडी नुसत्या पुढच्या चाकांवर चालवायची, ही युक्ती इतकी रुळली की जाणकार आजही ती गाडी बघताना आधी खाली वाकतात. वाकायला पाच सेकंद लागतात. त्या दिवशी मी पांढरी पँट घालून गेलो होतो. आता जुने कपडे घालून जातो, जाताना सतरंजी आणि टॉर्च नेतो. डीलरचा चेहरा सतरंजी बघूनच बदलतो, तोही बघण्यासारखा असतो.

दुसरं खरं वाक्य: "मीटरला हात लावलेला नाही." नसेलही लावलेला. पण टायर बघितलेत? हौशी माणसं अशा गाड्यांना मोठे टायर चढवतात. मूळ टायर २९ इंची असेल आणि आता ३२ इंची असेल, तर प्रत्येक फेऱ्यात गाडी सुमारे दहा टक्के जास्त अंतर कापते आणि मीटरला ते कळतच नाही. ९०,००० दाखवणारी गाडी ९९,००० चालून बसलेली असू शकते, कुणीही मीटर न फिरवता. उलट काही वेळा विकायच्या आधी मोठे टायर उतरवून मूळ मापाचे लावतात. म्हणून टायरच्या बाजूवरचे शेवटचे चार आकडे वाचा. २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३वा आठवडा. गाडी जुनी, मीटर कमी आणि टायर अगदी परवाचे असतील तर विचारा, आधीचे कुठे गेले आणि केवढे होते. उत्तरापेक्षा उत्तर द्यायला लागलेला वेळ ऐका.

"खालून नवीन कोटिंग मारून घेतलंय साहेब." मारलंयच, दिसतंय की काळंभोर. प्रश्न असा की कशावर मारलंय. लॅडर चेसिसच्या पोकळ पट्ट्या आतून गंजतात. चिखल आत शिरतो, ओला राहतो आणि बाहेरून काही दिसेपर्यंत पत्रा कागदासारखा झालेला असतो. लहान हातोडीच्या दांड्यानं किंवा स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं हलकं ठोकत जा. धड पत्रा खणखणतो, सडलेला भदभद वाजतो. विशेषतः मागच्या ॲक्सलच्या वर आणि स्प्रिंग जिथे टेकतात तिथे. अमेरिकेत टोयोटाला टॅकोमा, टुंड्रा आणि सिकोइया या गाड्यांच्या गंजणाऱ्या चेसिसपायी २०१६ मध्ये खटल्यात मोठी तडजोड मान्य करावी लागली होती, म्हणजे चांगलं नाव असलेल्या कंपनीची गाडीसुद्धा यातून सुटत नाही. कोटिंग जुनं, खरवडलेलं, मळकट असेल तर मला उलट बरं वाटतं. विकायच्या आदल्या आठवड्यात मारलेलं कोटिंग हे बुरखा समजून चाला.

आणि माझं सर्वात नावडतं: "सगळे ऑइल नुकतेच बदललेत." ऐकायला किती छान! पण जुनं ऑइल हा गाडीचा जबाब असतो, आणि तो ओतून दिलेला आहे. डिफरन्शियलमध्ये पाणी शिरलं की ऑइल दुधाळ होतं. गरम ॲक्सल गार पाण्यात उतरला की आतली हवा आकसते आणि ब्रीदर (हवा ये-जा करायची नळी) तुंबलेला असेल तर सीलमधून पाणी आत ओढलं जातं. ओढ्यातून फोटो काढत फिरलेल्या गाडीचं हे ठरलेलं दुखणं. शिवाय जाड ऑइल भरलं की झिजलेल्या गिअरची शिट्टी काही दिवस दबते. म्हणून डिफरन्शियलचा ड्रेन प्लग उघडायला सांगा. बऱ्याच गाड्यांत त्याला लोहचुंबक असतं. बारीक राखाडी लगदा चिकटलेला असेल तर वयपरत्वे ठीक. कण, कपचे दिसले तर नमस्कार करून निघायचं. नाही उघडू दिला तरीही निघायचं.

"एकही वॉर्निंग दिवा नाही" याची गंमत थोडक्यात सांगतो. किल्ली फिरवल्यावर आधी सगळे दिवे लागून मग विझायला हवेत. एखादा लागतच नसेल तर तो मेलाय किंवा मारलाय. आणि स्कॅनर लावल्यावर एरर शून्य पण निम्म्या तपासण्या 'अजून पूर्ण नाहीत' असं दिसलं, तर मेमरी नुकतीच पुसलेली असण्याची दाट शक्यता. इंजिन, धूर, कागद, गाडीवरचं जुनं कर्ज हे सगळे बघतात, त्यावर मी वेगळं काय सांगणार. फक्त तुम्ही पोचाल तेव्हा बॉनेट गार असलं पाहिजे, म्हणजे इंजिन आधीच गरम करून ठेवलेलं नसेल, आणि हे फोनवर आधीच बजावून ठेवा.

एका गोष्टीवर मात्र माझं आणि मित्रांचं पटत नाही. ते म्हणतात, डीलरला खरंच माहीत नसतं, तो पण लिलावात लॉट उचलतो. मान्य, नसतं माहीत. पण ते न माहीत असणं तो जपतो. त्याच्याकडे रॅम्प आहे, पोरं आहेत, पाने आहेत. सीट शॅम्पू करायला दिवस मोडतो आणि खाली डोकावायला पाच मिनिटं नाहीत? डोकावलं तर कळेल, कळलं तर सांगावं लागेल. त्यापेक्षा "मी पण तशीच घेतली" बरं. म्हणून मी आता "फोर बाय फोर चालू आहे ना?" असं विचारतच नाही. "पुढची चाकं ओढतात हे तुम्ही स्वतः कधी आणि कुठे बघितलंत?" असं विचारतो. याला खरं बोलून टाळता येत नाही. आणि जे बोलला ते त्याच रात्री मेसेजवर पाठवतो: "तुम्ही आज सांगितल्याप्रमाणे, चेसिसला वेल्डिंग नाही, लो रेंज चालते. बरोबर ना?" छापील कागदावर "जशी आहे तशी" असं असतंच, त्यावर सही करायच्या आधी या मेसेजला उत्तर येतं का बघायचं.

चांगले नसतात असं नाही. माझी आताची गाडी ज्यानं विकली त्यानं बसल्या बसल्या सांगितलं होतं, क्लच संपत आलाय, मागचं सील पाझरतंय, तुमचा मेकॅनिक आणा. तरी मी सतरंजी टाकलीच. तो हसला.

आता राहिली ती पहिली गाडी. दुरुस्तीचा आकडा ऐकून विकायचं ठरवलं. तीन जणांना शाफ्टचं खरं सांगितलं, तिघेही आभार मानून निघून गेले. शेवटी एका दुसऱ्या डीलरनं पडेल भावात घेतली. मी कागदावर स्वच्छ लिहिलं, पुढचा प्रॉपेलर शाफ्ट नाही, पुढचं डिफरन्शियल खराब आहे. त्यानं वाचलं आणि सही केली.

पाच आठवड्यांनी जाहिरात दिसली. गाडी पॉलिश केलेली, खालून नवीन काळं कोटिंग. शेवटचा फोटो मीटरचा होता, जवळून काढलेला. त्यात हिरवा दिवा लागलेला होता.